खुला बाजार मानणाऱ्याने राज्य सरकारकडून काय मागावे?

आपण सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील एका ग्रामपंचायतीचे सदस्य आहात आणि आपला प्रश्न दोन भागांचा आहे. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारे लोक सरकार नकोच म्हणतात का, हा पहिला भाग. तसे नसेल तर ऊस, बाजार समिती, पाणी आणि वीज या आपल्याकडच्या विषयांत त्यांचे नेमके म्हणणे काय, हा दुसरा. मी ३१ वर्षे सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानांचे, बेदाणा उत्पादकांचे आणि हळदीवर प्रक्रिया करणाऱ्या लहान कारखान्यांचे हिशेब व करविषयक काम पाहत आलो आहे. मला या विषयातले जे समजले ते बहुतांशी खतावण्यांतून आणि विक्रीच्या पट्ट्यांतून समजले, आणि त्याच आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी आहे. माप खरे असणे, केलेला करार पाळला जाणे, पैसे बुडवणाऱ्याकडून ते वसूल होणे, सातबाऱ्यावरची नोंद निर्विवाद असणे आणि माल वेळेत पोहोचेल असा रस्ता असणे, यांतील एकही गोष्ट सरकारशिवाय नीट होत नाही. म्हणून खुल्या बाजाराला दुबळे सरकार मुळीच परवडत नाही. आम्हा खुल्या बाजाराच्या समर्थकांचा आक्षेप सरकारच्या दुसऱ्या कामावर आहे. कोणी कोणाला विकावे, कोठे विकावे, कारखाना कोणी काढावा, किती अंतरावर काढावा आणि कोणत्या तारखेला सुरू करावा, हे सगळे सरकार परवानगी देऊन किंवा नाकारून ठरवत असते. या दुसऱ्या कामात ते इतके गुंतलेले असते की पहिले काम, जे फक्त तेच करू शकते, अर्धवट राहते. माझ्या संपूर्ण उत्तराचा गाभा एवढाच आहे. पुढे आहेत ती त्याची उदाहरणे आणि त्यातील अडचणी.

बाजार म्हणजे नियमांचा अभाव, हा समज सर्वांत आधी दूर करायला हवा. तासगाव आणि सांगलीच्या बेदाणा सौद्यांत दिवाळीपूर्वी काही आठवडे सौदे बंद ठेवण्याची पद्धत आहे. त्या काळात व्यापाऱ्यांनी अडत्यांची आणि अडत्यांनी शेतकऱ्यांची मागील सर्व देणी फेडायची असतात; याला पेठेत ‘शून्य पेमेंट’ म्हणतात. ज्याची देणी शून्यावर आली नाहीत त्याची पत घसरते आणि पुढच्या सौद्यांत त्याच्याशी व्यवहार करताना प्रत्येक जण सावध राहतो. हा नियम मुंबईत कोणी कायदा करून लादलेला नाही; परस्परांशी वर्षानुवर्षे व्यवहार करायचा आहे हे जाणणाऱ्या लोकांनी तो आपसांत रुळवला आहे. मात्र याच पेठेत नमुना पाहताना बेदाण्याची उधळण करण्याची आणि तूट धरण्याची, म्हणजे वजनातून काही कापण्याची, वाईट रीतही आहे, आणि तिचा भार शेतकऱ्यावर पडतो. ती का टिकून आहे याचा मी पुष्कळ विचार केला. ज्या ठिकाणी विक्रेत्याला दुसरीकडे सहज जाता येते, तेथे अशी रीत फार काळ चालत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

हळदीची गोष्ट मला अधिक जवळची आहे. कृष्णाकाठी हरिपूरच्या चिकण मातीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे चांगली राहत असे, आणि त्या सोयीमुळे कर्नाटक व आंध्राचा मालही सांगलीकडे वळला. हळदीच्या वायद्यांसाठी, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आज ठरवण्याच्या सौद्यांसाठी, येथे स्पायसेस अँड ऑईलसीड्स एक्स्चेंज ही स्वतंत्र संस्था होती. २००५ च्या महापुरात अनेक पेवे निकामी झाली आणि साठवण गोदामांकडे व शीतगृहांकडे गेली. तरी पेठ टिकली, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. या व्यवहारात साठा करणाऱ्याला लोक साठेबाज म्हणत आले आहेत. परंतु काढणीच्या दिवसांत सर्व माल एकदम बाजारात आला असता तो कोणी तरी विकत घेऊन ठेवावा लागतो, आपले भांडवल अडकवावे लागते आणि भाव पडला तर तोटा सोसावा लागतो. माझ्याकडे ज्यांच्या वह्या आहेत त्यांतील काहींनी अशा साठ्यात घर बांधले आणि काहींनी घर विकले. भाव हा त्यांच्या लेखी एक निरोप असतो: माल कमी पडणार आहे, जपून विका, किंवा माल उदंड आहे, लावण कमी करा. सरकार साठ्यावर मर्यादा घालते किंवा निर्यात रोखते तेव्हा हा निरोप मध्येच अडतो आणि पुढच्या हंगामात शेतकरी अंदाजाने लावण करतो.

बाजार समितीकडे येतो. १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा वाईट हेतूने झालेला नव्हता. काट्यात मारणे, वजनात मनमानी कडती (कपात) धरणे आणि रुमालाखाली बोटे दाबून शेतकऱ्याला न कळणारा सौदा करणे हे प्रकार खरे होते, आणि उघड लिलावाची सक्ती ही त्या कायद्याची मोठी देणगी आहे. चूक पुढच्या पायरीवर झाली. बाजार आवारातील व्यवहार स्वच्छ करण्यासाठी आलेला कायदा आवाराबाहेर विक्रीच नको असे म्हणू लागला. मग खरेदीदारांची संख्या परवान्यांनी ठरू लागली आणि परवाना हीच एक मालमत्ता झाली. २००६ मध्ये राज्याने खासगी बाजार, थेट खरेदी आणि करार शेतीला वाट दिली. २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे आवाराबाहेरही विकता येऊ लागला, आणि त्यांवरील अडत (अडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. या बदलांचे मी स्वागत केले आणि आजही करतो.

तरीही नियमनमुक्तीने सगळे साधले असे मी म्हणणार नाही. माझ्याच एका अशिलाने आवाराबाहेर, बांधावर, एका परगावच्या खरेदीदाराला द्राक्षे दिली. पहिले दोन हप्ते आले, नंतर फोन बंद झाला. दावा दाखल केला, तारखा पडत राहिल्या, आणि वसुलीचा खर्च वसूल होणाऱ्या रकमेच्या जवळ जाऊ लागला तेव्हा त्या गृहस्थांनी नाद सोडला. पुढच्या वर्षी त्यांनी माल निमूटपणे जुन्या अडत्याकडे नेला, कारण अडत्या अडत घेतो खरा, परंतु पैशाची हमीही तोच देतो. अडतीचा दर पुष्कळदा या हमीची किंमत असतो, हे आपल्याकडील सुधारणावादी लक्षात घेत नाहीत. बाजार खुला करायचा असेल तर राज्याने त्याच वेळी लहान रकमेच्या व्यापारी दाव्यांचा निकाल काही आठवड्यांत लागेल अशी व्यवस्था केली पाहिजे. जुनी भिंत पाडली आणि न्याय मात्र पूर्वीइतकाच दूर ठेवला, तर शेतकरी त्या पडक्या भिंतीच्याच आडोशाला परत जातो.

आता ऊस. हा विषय आपल्या तालुक्याचा प्राण आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. उसाचा स्वभाव असा आहे की तोडल्यावर प्रत्येक दिवसाला त्याचे वजन आणि साखर उतरत जाते; हळदीसारखा तो पेवात ठेवता येत नाही. त्यामुळे तोडीच्या वेळी शेतकऱ्याची सौदाशक्ती स्वभावतःच कमी असते. अशा पिकासाठी सर्वांत मोठे संरक्षण म्हणजे पोहोचेल इतक्या अंतरावर दोन-तीन स्वतंत्र खरेदीदार असणे. आपल्या धोरणाने नेमके याच्या उलट केले. १९८४ च्या आदेशाने प्रत्येक कारखान्याला गावे नेमून दिली आणि शेतकऱ्याला आपल्या क्षेत्रातील कारखान्यालाच ऊस देणे भाग पडले. साताऱ्यात जन्मलेल्या शरद जोशी यांनी आणि त्यांच्या शेतकरी संघटनेने या झोनबंदीविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि नव्वदच्या दशकात ती उठली. पण तिची सावली अंतराच्या अटीत उरली. दोन कारखान्यांमध्ये केंद्राच्या आदेशानुसार किमान १५ किलोमीटर हवाई अंतर लागते. महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. साखर उद्योगावरील नियंत्रणांचा विचार करणाऱ्या रंगराजन समितीने २०१२ मध्ये ही अट काढून टाकण्याची शिफारस केली होती. त्याच अहवालाच्या आधारे २०१३ मध्ये केंद्राने लेव्ही साखर (कारखान्यांनी सरकारला ठरल्या दराने देण्याचा हिस्सा) आणि खुल्या विक्रीचा मासिक कोटा रद्द केला. अंतराची अट मात्र राज्यांवर सोडली गेली, आणि ती आपल्याकडे कायम आहे.

खरेदीदार मोजके ठेवल्यावर भाव पडणार, हे उघड होते. मग तो पडू नये म्हणून किमान दर ठरवावा लागला. २००९–१० मध्ये एफआरपी, म्हणजे उसाचा केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, आली तेव्हा ती साडेनऊ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे १२९ रुपये ८४ पैसे होती. २०२५–२६ साठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये ठरली. उसाचा दर सरकार ठरवणार आणि साखरेचा दर बाजार, असे झाल्यावर साखर पडली की कारखान्यांची देणी थकू लागली. म्हणून जून २०१८ मध्ये साखरेलाही किलोला २९ रुपयांचा किमान विक्री दर लावला, पुढच्या फेब्रुवारीत तो ३१ झाला, आणि २०१३ मध्ये उठवलेली विक्रीवरची मासिक मर्यादा वेगळ्या रूपाने परत आली. एका अडवणुकीची इजा भरून काढण्यासाठी दुसरी, आणि दुसरीची भरून काढण्यासाठी तिसरी, अशी ही साखळी आहे.

यातील काही कड्या केंद्राच्या आहेत, परंतु राज्याच्या हातातील कड्या कमी नाहीत. गाळप हंगाम कोणत्या तारखेला सुरू करायचा हे दरवर्षी मंत्री समिती ठरवते. सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यातील कारखाने लवकर सुरू झाले की मिरज आणि जत तालुक्यांतील ऊस तिकडे जातो. शेतकऱ्याला रान लवकर मोकळे हवे असते आणि दरही पाहायचा असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने परराज्यात ऊस नेण्यावर बंदीच घातली. सीमाभागातील शेतकऱ्यांनी आणि संघटनांनी विरोध केल्यावर ती थोड्याच दिवसांत मागे घ्यावी लागली, पण ती घालावीशी वाटली हेच मला फार गंभीर वाटते. ऊस शेतकऱ्याच्या रानातला, खर्च त्याचा, पुराचा धोका त्याचा, आणि तो कोणाला द्यायचा हे मात्र दुसऱ्याने सांगायचे, यात न्याय नाही.

उलट जेथे सरकारने ठामपणे उभे राहायला हवे होते तेथे ते मागे सरकले. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. विकलेल्या मालाचे पैसे ठरल्या वेळी मिळणे हा बाजाराचा पहिला नियम आहे. तो शिथिल करणे याला मी बाजारवादी धोरण म्हणू शकत नाही, मग ते कारखान्यांच्या अडचणीपोटी केलेले का असेना.

मग एफआरपी उद्याच रद्द करावी का? आमच्यातील काही जण तसे म्हणतात. मला ते मान्य नाही. क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम अंतराची अट काढावी, गाळपाची तारीख कारखान्यांवर सोडावी, गुऱ्हाळाला आणि इथेनॉल करणाऱ्याला ऊस घेण्याची वाट मोकळी ठेवावी, आणि थकबाकी वसुलीचे दात खरे करावेत. शेतकऱ्यापुढे खरोखर तीन दारे उघडी झाली की किमान दराची गरज आपोआप कमी होईल. बंद खोलीतील माणसाची काठी आधी काढून घ्यायची आणि दार नंतर कधी तरी उघडायचे, हा क्रम अन्यायाचा होईल. कारखाने म्हणतात की इतके भांडवल घातल्यावर उसाची खात्री हवी. ती रास्त अपेक्षा आहे, आणि तिचे उत्तर करार हे आहे: लावणीच्या वेळी दर, तोडीची मुदत आणि आगाऊ रक्कम ठरवून केलेला, दोन्ही बाजूंना बांधणारा करार.

तोडणी-वाहतुकीच्या कपातीकडेही लक्ष द्या. कारखाना दूरवरून ऊस आणतो तेव्हा वाहतुकीचा सरासरी खर्च सर्वांच्या बिलातून कापला जातो, म्हणजे कारखान्याला लागून रान असलेला शेतकरी दूरच्या उसाचे भाडे भरतो. अंतराची खरी किंमत कोणालाच दिसत नाही, आणि म्हणून जवळचा ऊस उभा असताना लांबचा आणणे कारखान्याला जड जात नाही.

पाणी आणि विजेबाबत माझे म्हणणे आपल्याला कदाचित आवडणार नाही, तरी ते प्रामाणिकपणे मांडतो. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज आहे. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार आणि १९ टक्के लाभधारक उचलतो. वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांत कृष्णाकाठची जी जमीन क्षारपड होऊन गेली आहे ती आपण रोज पाहता. काळ्या जमिनीत निचरा कमी, पाट पाणी भरून वाहतो, पंप रात्रभर चालतो आणि पाण्याच्या एका जादा पाळीला शेतकऱ्याला काही मोजावे लागत नाही, याचे ते दृश्य फळ आहे. ज्या वस्तूची किंमत शून्य दाखवली जाते तिचा खर्च नाहीसा होत नाही. येथे तो जमिनीने फेडला, आणि ती दुरुस्त करायला आता जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालण्याचा मोठा खर्च येतो.

पण जतच्या पूर्व भागातील शेतकऱ्याने शेकडो फूट उचललेल्या पाण्याचा पूर्ण खर्च द्यावा असे मी म्हणणार नाही. त्याला तो झेपणार नाही. त्याला मदत करायची हा समाजाचा निर्णय असू शकतो आणि मी त्याच्या बाजूने आहे. फक्त ती मदत त्याच्या खात्यात जमा व्हावी, आणि पाणी मात्र मोजून, दर लावून दिले जावे. ज्याने ठिबक करून पाणी वाचवले त्याच्याकडे ती रक्कम उरेल. याच कारणासाठी लाडकी बहीणसारख्या योजनेतील महिन्याचे १,५०० रुपये मला मोफत विजेपेक्षा कमी नुकसानकारक वाटतात; त्या पैशाचे काय करायचे हे ती बाई ठरवते आणि कोणत्याही वस्तूचा भाव त्याने खोटा होत नाही. मात्र असा खर्च चालू करांतून भागवावा. कर्ज काढून केला तर तो पुढच्या पिढीच्या नावावर मांडला जातो.

मोजून पाणी देण्याचा कायदेशीर पाया आपल्याकडे आहे. २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा असे दोन कायदे केले. पाणीवापर संस्थेला घनमापनाने पाणी घेऊन आपसांत वाटता येते. त्याही आधी, खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभारले, ते नदीतील वाळूवर आपला हक्क मिळवून आणि तिच्या विक्रीचा पैसा वापरून. ती चळवळ डाव्या विचारांच्या लोकांची होती आणि त्यांना माझी मते पटणार नाहीत. तरीही गावाच्या हाती मालकीसारखा हक्क आला की गाव काय करू शकते, याचे आपल्या जिल्ह्यात याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

जमिनीविषयी थोडेच लिहितो. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याखाली कसणारा जमिनीवर हक्क सांगेल या भीतीने मालक खंडाचा लेखी करार करत नाही. सारे तोंडी चालते. मग प्रत्यक्ष कसणाऱ्याला पीककर्ज मिळत नाही आणि नुकसानभरपाई मालकाच्या नावावर येते. मालकी अबाधित ठेवून ठरावीक मुदतीचा लेखी खंडपट्टा करता येईल, असा साधा कायदा राज्याने केला तर त्याचा फायदा सर्वांत आधी भूमिहीन कुटुंबांना होईल.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो: किर्लोस्करवाडी राजाश्रयाने उभी राहिली, मग राज्याने उद्योगाला हात देऊ नये असे कसे म्हणता? लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून उठावे लागले आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल स्थानकाजवळ माळरान दिले, हे खरे आहे. पण पुढे काय घडले ते पाहावे. नांगर किती घडवावेत, कोणत्या भावाने विकावेत, हे औंधच्या दरबाराने सांगितले नाही, आणि दुसऱ्या कोणी नांगर घडवू नयेत असा हुकूमही काढला नाही. जागा आणि विश्वास मिळाला. धोका किर्लोस्करांनी उचलला. राज्याने द्यावे तर असे द्यावे, आणि सर्वांना सारख्या अटींवर द्यावे.

हे सगळे समजत असूनही बदल का होत नाही, असे आपण विचाराल. अंतराची अट राहिल्याने लाभ होतो तो मोजक्या संस्थांना आणि तो मोठा असतो, म्हणून ते संघटित राहतात. तोटा लाखो ऊस उत्पादकांत टनामागे थोडा-थोडा विभागला जातो आणि कोणाच्याही पट्टीवर ‘स्पर्धा नसल्याबद्दल कपात’ अशी ओळ छापलेली नसते. अर्थशास्त्रात याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे आणि त्या अभ्यासातील कामासाठी जेम्स ब्युकॅनन यांना १९८६ चे नोबेल मिळाले. सत्तेवर कोणता पक्ष आहे याने यात फारसा फरक पडत नाही.

ग्रामपंचायत सदस्य म्हणून आपण कोठून सुरुवात करावी, हे शेवटी सांगतो. आपल्या गावातील दहा-बारा शेतकऱ्यांची मागील पाच हंगामांची ऊसबिले मिळवा. प्रत्येकावर ऊस पोहोचल्याची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख, तोडणी-वाहतुकीची कपात आणि रानापासून कारखान्याचे अंतर हे चार आकडे लिहा. उशिराच्या प्रत्येक दिवसाचे १५ टक्क्यांनी व्याज काढा. ते कोणाला मिळाले आहे का ते विचारा, आणि नसेल तर साखर आयुक्तालयाकडे लेखी मागणी करा. त्याच कागदावर, सीमेपलीकडच्या कारखान्याला ज्यांनी ऊस दिला त्यांचे दर वेगळ्या रकान्यात मांडा. हा तक्ता ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवा आणि अंतराच्या अटीविरुद्धचा ठराव त्यानंतर मांडा, आधी नको. बिले गोळा झाली की आकडेमोडीसाठी यार्डात माझ्याकडे या. त्याचे शुल्क मी घेणार नाही.